वाळवणपेटी आणि तिसरी ओळ

आंबापोळी उन्हात वाळायला पाच-सहा दिवस लागतात, आणि त्या पाच-सहा दिवसांत घरातलं एक माणूस राखणीला अडकतं. कावळे, धूळ, मुंग्या, आणि मे संपता संपता दुपारनंतर भरून येणारं आभाळ. आमच्या घरात ते माणूस म्हणजे मी, आणि मला नोकरी आहे. म्हणून गेल्या वर्षी मी काचेच्या झाकणाची वाळवणपेटी करायचं ठरवलं. तळाला धुराने काळा पडलेला जुना पत्रा, मधे ताटं, वर उतरती काच, हवा खेळायला खाली-वर भोकं आणि भोकांना जाळी. सामानाची यादी एका पानात मावली.

रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेचं सामान मी सांभाळते. काचेची नळी फुटली तर कोणाच्या हातून, कधी, कशाने, हे नोंदवहीत जातं. वहीचा नियम मी नव्या येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते. चूक झाली तर खाडाखोड करायची नाही, पान फाडायचं नाही. चुकीच्या शब्दावरून लाल शाईने एक रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, वर बरोबर काय ते लिहायचं आणि बाजूला सही करायची. हा नियम मी इतक्या वेळा सांगितला आहे की तो मला लागू पडेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

पोळी, आमसुलं, फणसाचे गरे असं वाळवण करणाऱ्या जिल्ह्यातल्या बायकांचा मोबाईलवर एक मोठा ग्रुप आहे. तिथे सगळ्या जणी तयार माल दाखवतात. चकचकीत डबे, सारख्या कापलेल्या वड्या. अर्धवट काम कोणी दाखवत नाही. मला मात्र अर्धवटच दाखवायचं होतं, आणि त्यामागे साधा हिशोब होता. फळी कापायच्या आधी कोणी चूक सांगितली तर फळी वाचते. म्हणून मी लिहिलं, "पेटी करायला घेतली आहे. रोज संध्याकाळी वहीच्या पानाचा फोटो टाकीन. ज्यांना कळतं त्यांनी बोलावं."

पान रोज चार ओळींचं. पहिली, आज काय केलं. दुसरी, मापं. तिसरी, काय बिघडलं. चौथी, उद्या काय.

फायदा दुसऱ्याच दिवशी झाला. मी काढलेली आकृती पाहून मालगुंडच्या एका निवृत्त शिक्षिकेने कळवलं, "काचेचा उतार पूर्वेला धरलाय. अकरानंतर काय करणार? दक्षिणेला फिरवा." आंजर्ल्याच्या एकीने सांगितलं की मच्छरदाणीची जाळी उन्हात एका मोसमात तुटते, स्टीलची घ्या. दोन्ही गोष्टी मी वहीत तिसऱ्या ओळीत लिहिल्या आणि बदलल्या. लोकांना तिसरी ओळच आवडायची. ज्या दिवशी "हातोडी अंगठ्यावर बसली" असं लिहिलं, त्या दिवशी सर्वांत जास्त उत्तरं आली, आणि त्यातल्या निम्म्या जणींनी हळद लावायला सांगितली.

माझे यजमान जहाजावर इंजिन सांभाळतात आणि तेव्हा सुट्टीवर घरी होते. ते ओट्यावर बसून हे सगळं वाचत.

"अगं, अख्ख्या जिल्ह्याला कळलं तू बिजागरी उलटी लावलीस ते."

"कळू दे."

"आम्ही जहाजावर बिघाड आधी दुरुस्त करतो, मग लिहितो."

"म्हणूनच तुमची जहाजं बंदरात आठ-आठ दिवस अडकतात," मी म्हटलं. ते हसले, पण त्यांचं वाक्य माझ्या डोक्यात कुठेतरी राहिलं.

पाचव्या दिवशी एका अनोळखी बाईंचा फोन आला. लांज्याच्या पुढे आत त्यांचं गाव. नवरा आणि दीर मुंबईला, घर आणि शेती त्यांच्या अंगावर. मी त्यांना वहिनी म्हणायला लागले, त्या मला ताई.

"ताई, मी पण करतेय पेटी," त्या म्हणाल्या. "तुमच्या एक पाऊल मागं. तुमी आज केलंत की मी उद्या करते. चालंल ना?"

"चालेल की. पण मीही पहिल्यांदाच करतेय हो."

"तुमी लिवता ना काय बिगडलं ते. मग मला काय भ्या?"

त्यांच्या घरामागे रायवळ आंब्याचं एक जुनं झाड होतं. फळ लहान, दोऱ्या फार, बाजारात कोणी विचारत नाही. रस मात्र गोड आणि दाट, म्हणजे पोळीसाठीच जन्मलेला. दिराचं म्हणणं होतं की झाड तोडावं, त्या जागेत चार कलमं बसतील. वहिनींना ते झाड हवं होतं. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आदल्या वर्षी पावसाने त्यांची सगळी पोळी ओली होऊन फुकट गेली होती. दिराने एक मोसम दिला होता. यंदा या झाडाची पोळी झाली तर झाड राहील, नाहीतर पाऊस सरल्यावर करवत. मेअखेरीला तो स्वतः बघायला येणार होता. झाडाचे आंबे आठ-दहा दिवसांत एकदमच पिकतात, म्हणजे पेटी चुकली तर दुसरी संधी नाही.

हे ऐकल्यावर मी वहीत लांज्याच्या पेटीसाठी वेगळं पान केलं. कोणता दिवस, कुठवर आलं, काय राहिलं.

माझ्या पेटीला मी आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या वापरल्या. स्वस्त, हलक्या, पण त्यांना वाळवी आणि भुंगा लागायला एक पावसाळा पुरतो. आमच्या आळीच्या टोकाला एक म्हातारे सुतार आहेत. होड्या, दारं, पाट, सगळं करतात. त्यांनी फळीवर नख ओढलं.

"वयनी, ह्याला काजूच्या टरफलाचं तेल लावा. दोन हात. आतनं पण आणि भायरनं पण. वाळवी वळून बगणार नाय."

"वास येईल का हो?"

"सुकलं की वास कसला? तीन दिस सावलीत ठेवा."

आमच्याकडे कुंपणाच्या खांबाला, होडीच्या तळाला, गोठ्याच्या वाशाला हेच तेल लावतात. माझ्या माहेरच्या परसातला खांब त्याच तेलावर वर्षानुवर्षं उभा आहे. तेल कातडीला लागलं तर फोड येतात, एवढं सगळ्यांना माहीत असतं, म्हणून हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून मी दोन हात दिले. तीन दिवस सावलीत सुकवलं. बोट लावून पाहिलं, कोरडं. पानावर लिहिलं, फोटो टाकला. ग्रुपमधून एकीनेही शंका काढली नाही, कारण प्रत्येकीच्या घरी त्याच तेलाचा एखादा खांब होता.

वहिनींचा फोन आला. "ताई, तेल आतनं लावू का नको? मी थांबते. तुमची पयली पोळी निघूदे, मग लावते."

शहाण्या बाई. मी तसं त्यांच्या पानावर लिहूनही ठेवलं, "तेल : पहिल्या पोळीनंतर."

पहिली पोळी दोन दिवसांत वाळली. दोन दिवसांत! रंग पिवळाधमक, कडा सुटलेल्या, ताटाला लावलेल्या तुपाने पोळी सरळ हातात आली. मी तिचा उजेडाला धरून फोटो काढला. ग्रुपमध्ये कौतुकाचा पाऊस पडला. मालगुंडच्या बाईंनी विचारलं, रविवारी आम्ही काही जणी पेटी बघायला येऊ का? मी आनंदाने हो म्हटलं आणि मगच आम्ही दोघांनी पोळीचा तुकडा तोडून तोंडात टाकला.

"गोड आहे," यजमान म्हणाले. थोड्या वेळाने, "अगं, जिभेला खाज येतेय का तुझ्या?"

"थोडी."

"चीक असेल."

तेही खरं वाटण्यासारखं होतं. रायवळ आंब्याचा देठाजवळचा चीक नीट गेला नाही तर तोंड खाजतंच. मी वही उघडली. पहिली ओळ लिहिली, दुसरी लिहिली. तिसरीपाशी थांबले. कौतुकाचे संदेश अजून येत होते. रविवारी बायका येणार होत्या. कारण अजून नक्की कळलं नाही, मी स्वतःला सांगितलं, कळलं की लिहीन. आधी दुरुस्त करू, मग लिहू. आणि "काय बिघडलं" यापुढे लिहिलं, "काही नाही," आणि पानाचा फोटो टाकला.

ती सतराव्या दिवसाची नोंद. पान अजून वहीत आहे.

पुढचे तीन दिवस मी ग्रुपवर काही टाकलंच नाही. दुसऱ्या घाण्याला मी प्रत्येक आंब्याचा देठ बोटभर कापून टाकला, आंबे दोनदा धुतले, चिकाचा एक थेंब ठेवला नाही. पोळी निघाली. यजमानांनी मोठा तुकडा खाल्ला, कारण त्यांना पोळी आवडते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा खालचा ओठ भज्यासारखा फुगला होता.

"चीक नाही हा," ते ओठ सांभाळत म्हणाले.

रजेचा अर्ज मी आधीच टाकला होता. भर दुपारी पेटीजवळ गेले. आतला तापमापक साठाच्या वर होता. तो प्रयोगशाळेतून माझ्याच सहीने घरी आणला होता. काच उचलली आणि नाक आत घातलं. काजू भाजतात त्या गल्लीत जसा डोळ्यांना झोंबणारा वास येतो, अगदी तोच. सावलीत सुकलेलं तेल बंद पेटीतल्या उष्णतेने पुन्हा जागं होत होतं आणि सगळं पोळीत उतरत होतं. खांबाला कोणी काचेत घालून तापवत नाही, म्हणून हे आमच्यापैकी कोणाच्याच अनुभवात नव्हतं.

मी तिथूनच लांज्याला फोन लावला.

"वहिनी, तेल लावलंत का?"

"लावलं की! तुमी लिवलंत ना काय बिगडलं नाय, त्याच सांजंला लावलं. तीन दिस सुकवलं. आज सकाळी बारा ताटं घातली. काय मस्त ऊन हाय ताई, वास पण—"

मी त्यांना मधेच अडवलं. मग सांगितलं. सगळं. जीभ, ओठ, चीक, आणि सतराव्या दिवसाची तिसरी ओळ मी खोटी लिहिली हे सुद्धा.

"किती आंबे राहिलेत?" मी विचारलं.

"दोन वाटे आढीत हायत. एक वाटा ह्या ताटात गेला." मग हळू, "तुमाला ठावं होतं?"

"खाजतं हे माहीत होतं. का, ते माहीत नव्हतं."

"तेवढंच लिवायचं होतंत ना, ताई."

"उद्या पहिल्या गाडीने येते," म्हटलं.

संध्याकाळी सतराव्या दिवसाचं पान काढलं. "काही नाही" वरून लाल शाईने एक रेघ मारली. वर लिहिलं, "पोळी खाल्ल्यावर जीभ खाजली. हे त्याच दिवशी कळलं होतं, लिहिलं नाही. कारण काजूच्या टरफलाचं तेल. कोणीही आतून लावू नये. लावलं असेल तर पेटीत काही घालू नये. घातलं असेल तर खाऊ नये, गुरांनाही देऊ नये." बाजूला सही केली. फोटो टाकला. जुना फोटो काढून टाकला नाही. तोही वाचता आला पाहिजे.

उत्तरं आली. एकीने लिहिलं, बरं झालं सांगितलंत. एकीने लिहिलं, आम्ही तुमच्या भरवशावर होतो. तिने पेटी अजून केली नव्हती, पण म्हणणं बरोबर होतं. मालगुंडच्या बाईंनी एवढंच विचारलं, "रविवार आहे ना मग?" मी लिहिलं, आहे.

सुतारांनाही जाऊन सांगितलं. ते रंधा मारत होते. थांबले, चष्मा कपाळावर नेला.

"वयनी, होडीला लावतो, खांबाला लावतो. खांब चाटतो कोण?"

सकाळच्या एसटीत मी आणि यजमान. त्यांच्या पिशवीत ड्रिल, पत्रा कापायची कात्री, स्टीलची जाळी. माझ्या पिशवीत माझ्या पेटीची काच, चार चादरींत गुंडाळलेली. कंडक्टरने विचारलं, "आरसा काय ओ?" यजमान ओठ हलवायला नको म्हणून मान हलवून हो म्हणाले.

वहिनी अंगणात उभ्या होत्या. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असाव्यात. बारा ताटं ओट्यावर ओळीने ठेवलेली, वर पंचा झाकलेला. त्यांनी काही टाकलं नव्हतं, मी येऊन बघेपर्यंत. मी एका ताटाचा वास घेतला आणि मान हलवली. त्यांनी स्वतः खड्डा खणला आणि सगळं पुरलं. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "तुमी पेटीचं बगा."

पेटीच्या फळ्या बदलायच्या तर दोन-तीन दिवस. आढीतले आंबे तेवढे थांबणार नव्हते. यजमान माजघरात हिंडत होते. वर माळ्याकडे बघून म्हणाले, "त्या काय, ट्रंका ना?"

मुंबईला माणूस गेलेल्या आमच्याकडच्या प्रत्येक घरात पत्र्याच्या ट्रंका असतात. इथे तीन होत्या. पत्र्याला वाळवी लागत नाही, म्हणजे तेल नको. दोन गंजून भोकं पडलेल्या. तिसरी मोठी, धडधाकट, आतून कोरा पत्रा, कुलूप लावायची कडी अजून शाबूत.

"ती भावजींची," वहिनी म्हणाल्या. "पयल्यांदा मुंबईला गेले तवाची."

"मग ती नको. दुसरं काही बघू."

वहिनींनी ट्रंकेकडे पाहिलं, मागच्या दाराने दिसणाऱ्या झाडाकडे पाहिलं. पहिल्यांदाच थोडं हसल्या. "तीच काढा."

दुपारपर्यंत ट्रंक तयार झाली. झाकण उतरवलं, खाली पुढून सहा भोकं, वर मागून सहा, जाळी, मागची बाजू दगडांवर उचलून दक्षिणेला उतार, वर माझी काच, कारण त्यांची ट्रंकेला लहान पडत होती. गरम पाण्याने आतून दोनदा पुसली. ताटं एका वेळी सहाच बसत होती. आम्ही तिघांनी रस गाळला. यजमानांनी पहिल्या चमच्याची चव घेतली आणि ओठाला काही होत नाही हे पाच मिनिटं बसून तपासलं. मी त्या पाच मिनिटांत वहीत भोकांची मापं लिहून घेतली. संध्याकाळच्या गाडीने परत निघालो तेव्हा वहिनींनी आम्हाला फाट्यापर्यंत सोडलं. माझ्यावरचा राग गेला होता असं नाही. त्यांनी तो बाजूला ठेवला होता, कारण हाताशी काम होतं. मला ते समजत होतं.

रविवारी माझ्याकडे सात बायका आल्या. मी त्यांना बिनकाचेची पेटी दाखवली, उन्हात तापलेल्या आतल्या फळीचा वास दिला, मग लाल रेघेचं पान दाखवलं. खायला पोहे केले होते.

पुढचं मी फोनवर ऐकलं. दोन वाट्यांपैकी सगळं वाळून झालं नाही. ट्रंक लहान, आणि मधे एक दिवस ढगाळ गेला, काही आंबे आढीतच उतरले. दीर आला, आधी त्याने ट्रंक पाहिली.

"माज्या ट्रंकंची चाळण केलीत?"

"तुमच्या झाडासाठीच केली भावजी," वहिनी म्हणाल्या आणि ताट पुढे केलं. तो ओट्यावर बसून दीड पोळी खाऊन उठला. झाड राहील असं काही म्हणाला नाही. यंदा करवत नको, पुढच्या वर्षी बघू, एवढंच म्हणाला. आणि जाताना उरलेल्या पोळ्यांतल्या चार मागून घेतल्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एसटीच्या पार्सलने मला एक डबा आला. आत तीन पोळ्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, आणि वहीच्या रेघी पानावर चार ओळी.

एक. पोळ्या पाठवल्या.

दोन. ट्रंकेला भोकं बारा, पुढच्या साली अठरा पाडणार.

तीन. कोपऱ्यातल्या ताटाला गंज लागला. त्या पोळ्या मी खाल्ल्या नाय, फेकल्या पण नाय, तुमाला दाखवायला ठेवल्यात.

चार. कधी येताय?

मी ते पान माझ्या वहीत, लांज्याच्या पानासमोर चिकटवलं. मग यजमानांना हाक मारली आणि पोळीचे दोन तुकडे केले. त्यांनी तोंडात टाकायच्या आधी माझ्याकडे पाहिलं.

"तू आधी."

मी आधी खाल्ली.